फणसाचे धोंडस

बेळगावहून चोर्ला घाट उतरून आम्ही फोंड्याजवळच्या आमच्या जुन्या घरी पोहोचलो, तेव्हा ज्येष्ठाची पहिली सर पडून गेली होती. वाटणीच्या वादापायी त्या उंबऱ्याला बारा वर्षे आमचे पाय लागले नव्हते. संध्याकाळी परतायचे, असे ठरवूनच आम्ही निघालो होतो.

काकूंनी जुना विषय काढला नाही. बरक्या फणसाचे गरे चाळणीवर घासून त्यांनी रस काढला. त्यात भाजलेला तांदळाचा रवा, गूळ आणि नारळाचे दूध घालून तो शिजवला. वेलची, जायफळ, सुंठ घातली. मग तूप लावलेल्या टोपाखाली मंद विस्तव आणि झाकणावर करवंट्यांचे निखारे. गोव्या-कोकणातील चुलीवरचा हा केकच. मात्र यात ना मैदा, ना अंडे. कड तांबूस होऊ लागली तसा माजघरभर जायफळाचा दरवळ पसरला.

आम्ही निघण्याची भाषा करताच काकू म्हणाल्या, "धोंडस निवल्याशिवाय कापायचं नसतं. गरम असताना सुरी लावाल तर मोडेल."

ती रात्र आम्ही तेथेच राहिलो. सकाळी काकूंनी आमच्या पानांत वड्या वाढल्या. मोजल्या मात्र नाहीत.