शिवणीतलं पाणी

देऊळघाटसारख्या गावात जुन्या टाटा ४०७ ला अजून काम आहे. सोयाबीनची पोती बाजाराला न्यायची, येताना खताच्या गोण्या आणायच्या, लग्नसराईत मंडपाचे बांबू आणि कढया वाहायच्या. ही गाडी १९८६ साली बाजारात आली, त्यामुळे तिच्या पहिल्या पिढीतल्या ज्या थोड्या गाड्या उरल्या असतील त्या आता म्हाताऱ्याच म्हणायच्या. अशा गाडीच्या केबिनमधली रबरी मॅट उचलली की खाली बारदान निघतं, बारदानाखाली वाळून पोपडा झालेली काळी माती, आणि मातीखाली भोक. ते भोक नेमकं कुठे पडलंय, हे पाहण्यासारखं असतं. ड्रायव्हरची टाच रोज घासते तिथला पत्रा गुळगुळीत, चकचकीत असतो. तळ जिथे बाजूच्या पत्र्याला किंवा पुढच्या उभ्या पडद्याला जोडलेला असतो, तिथे मात्र बोट आरपार जातं. वापरून झिजलेली जागा शाबूत आणि कुणाचा पायही न लागलेला कोपरा कुजलेला. माझं म्हणणं एवढंच की दुखणं भोकाचं नाही, शिवणीचं आहे. भोकावर ठिगळ मारणारा कारागीर रोगावर झाकण ठेवतो.

शिवण म्हणजे एकावर एक चढवलेल्या दोन पत्र्यांच्या कडा, आणि त्यांना ठरावीक अंतरावर दिलेले वेल्डिंगचे ठिपके. ठिपक्याशी पत्रे एकजीव होतात. दोन ठिपक्यांच्या मधे केसाएवढी फट राहतेच. समईच्या वातीत तेल जसं आपोआप चढतं, तसं या फटीत पाणी आपोआप शिरतं, आणि शिरलं की निघत नाही. रंग तिथे पोचलेला नसतो. आतल्या पाण्यातला प्राणवायू लवकर संपतो, बाहेरच्या कडेला तो भरपूर असतो. या तफावतीतून एक बारकीशी बॅटरीच तयार होते आणि तिच्यात झिजतो तो आतला पत्रा. त्यात गंज हा मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो. तो फुगतो, पत्रे एकमेकांपासून रेटतो, फट रुंदावते, आणखी पाणी येतं. जुन्या पद्धतीच्या दगडी देवळात चुन्याशिवाय रचलेल्या दगडांमधेही फटी असतातच, पण तिथे पाणी येतं तसं जातं आणि दगडाला त्याचं काही वाटत नाही. पत्र्याला वाटतं.

यावर घाटावरचा माणूस हटकून म्हणेल, गंज हे कोकणातलं दुखणं. आपल्याकडे पाऊसच मुळात किती? सातशे-आठशे मिलिमीटर, तोही चार महिन्यांत आटोपतो. हिशेब बरोबर आहे, पण तो आभाळाखालच्या पत्र्याचा आहे. मॅटखालच्या पत्र्याचा पावसाळा वेगळा असतो. ओल धरून ठेवण्यात काळ्या मातीचा हात धरणारं कुणी नाही. आपला कापूस आणि हरभरा तिच्या याच गुणावर तगतो. बुटाला लागून आलेली तीच माती केबिनच्या कोपऱ्यात बसली की पाऊस उघडल्यावरही शिवण ओली ठेवते. वर खताच्या फाटक्या गोणीतून सांडलेलं पोटॅश. त्यात क्लोराइड असतं, मिठात असतं तेच. गाडी इथला घाट उतरून शेगाव-संग्रामपूरकडे जात असेल तर खारपाणपट्ट्यातलं खारं पाणी आणि चिखल चाकांनी उडून खालून त्याच शिवणीला चिकटतो. समुद्र इथे येत नाही, पण त्याचं मीठ वेगळ्या वाटेने येतं.

दुसरा आक्षेप जुन्या जाणत्यांचा: पूर्वीचं लोखंडच चांगलं होतं, दिल्लीचा लोहस्तंभ पाहा. जरूर पाहावा. सुमारे सोळाशे वर्षं तो उघड्यावर उभा आहे. त्याच्या लोखंडात फॉस्फरस जास्त असल्यामुळे वर संरक्षक थर धरला, असं धातुशास्त्रज्ञ सांगतात. पण तो तापवून ठोकून एकजीव केलेल्या गोळ्यांचा आहे, फटी ठेवून टाचलेल्या पत्र्यांचा नाही. पाऊस त्याच्यावरून ओघळतो आणि वाळतो. त्याच स्तंभाच्या जमिनीत गाडलेल्या भागाला मात्र गंजाने गाठलंच. म्हणजे लोहस्तंभही साक्ष देतो ती माझ्याच बाजूने.

मग दुरुस्ती कशी? आधी हातोडीने ठोकत जायचं. चांगला पत्रा टणकन वाजतो, कुजका भद्द आवाज काढतो. भोक रुपयाएवढं दिसलं तरी भद्द आवाज वीतभर पुढे जातो, आणि कापायचं तिथपर्यंत. बॅटरीची तार काढून, डिझेलचा पाइप बाजूला घेऊन, जुने ठिपके ड्रिलने उडवून शिवण उकलायची. खालचा पत्रा तारेच्या ब्रशने पांढरा होईपर्यंत घासायचा. पुठ्ठ्याचा नमुना कापून त्याबरहुकूम नवा पत्रा, शक्य तर मूळच्याच जाडीचा. जोडण्याआधी दोन्ही आतल्या अंगांना वेल्डिंग सोसणारा झिंक प्रायमर. नंतर तिथे ब्रश पोचत नाही. सीओटू वेल्डिंगचे टाके आखूड, एक इथे तर पुढचा पलीकडे, मधे पत्रा निवू द्यायचा, नाहीतर तो पापडासारखा वाकतो. शेवटी दोन्ही बाजूंनी सांध्यात सीलंट, मग रंग. याउलट नेहमीचा उपाय म्हणजे गंजावरच पत्रा ठेवायचा, कडेने टाके मारायचे, वरून लांबी किंवा डांबर. यात एका शिवणीच्या जागी दोन होतात, आणि नव्या फटीत जुना गंज आयताच कोंडला जातो.

खर्च? तासाभराचं काम दोन दिवसांवर जातं, मजुरी वाढते. रोजच्या भाड्यावर जगणाऱ्याने ठिगळ पसंत केलं तर त्याला हसण्याचा अधिकार मला नाही. गाडी वर्षभरात मोडीत काढायचीच असेल, तर ठिगळच शहाणपणाचं. आठ वर्षांनंतर मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो, मोडीचं धोरण २०२१ पासून आहेच, आणि इंजिन दमलं असेल तर तळ नवा करून काय उपयोग? पण ज्याला ती आणखी सहा-सात पावसाळे चालवायची आहे, त्याचा हिशेब वेगळा. ठिगळाखाली पुन्हा भोक पडेल तेव्हा ते मोठं असेल, आणि तोवर गंज तळाखालच्या आडव्या पट्टीत शिरलेला असेल. त्या पट्टीवर केबिन टेकलेली असते.

काम झाल्यावर मॅट तशीच परत अंथरली जाते, हे मला खटकतं. बारदान आधी फेकून द्यावं. तळाला पाणी निघून जायला जी भोकं असतात, ती बहुधा मातीने बुजलेली असतात. खिळ्याने ती मोकळी करावीत. आणि पोळ्याच्या सुमारास, बैल धुवायला काढतात त्या दिवशी, मॅट उचलून दुपारभर उन्हात टाकावी, केबिनची दोन्ही दारं उघडी ठेवून.