चाचांनी बेतलेली काठी

अमृतराव घाटाला आता सगळे राजा घाट म्हणतात. राघोबादादांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे यांनी तो १८०७च्या सुमारास दगडात बांधून घेतला. नोकरीनिमित्त मी बनारसला होतो तेव्हा संध्याकाळी तिथं जाऊन बसायचो. पायऱ्यांवर होड्यांची डागडुजी करणारे एक मल्लाह चाचा गळाच्या काठ्याही बेतून द्यायचे. मी कुडाळचा. आमच्याकडे खाडीवर गरवायला माणगा बांबूची काठी. परमुलखात तसा हात पाहिला आणि राहवलं नाही.

चाचांनी लांबी विचारलीच नाही. ‘‘कुठं बसणार? कुठला मासा?’’ एवढंच. रामनगर ते मालवीय पूल हा सात किलोमीटरचा पट्टा १९८९पासून २०२०पर्यंत कासवांचं अभयारण्य होता, तिथं मासेमारीला बंदी. आता ते अभयारण्य नाही, तरी लोक अंघोळ करतात तिथं गळ टाकणं माझ्या मनाला पटत नाही. मी म्हटलं, ‘‘चुनारला, रोहूसाठी.’’

‘‘मग नऊ फूट पुरे,’’ चाचा म्हणाले. चुनारला किल्ल्याचा कातळ गंगेत उतरतो, पाणी काठालाच खोल. दूर फेकायची गरज नाही.

बांबू भरीव, लाठीचा. तीन वर्षांच्या आतला कोवळा नको, तो सुकताना आक्रसतो. तोडलेला थंडीत, अंधाऱ्या पंधरवड्यात, म्हणजे भुंगा लागत नाही. पंधरवड्याचं खरंखोटं मी सांगत नाही, पण थंडीत बांबूत पिठूळपणा कमी असतो आणि किडीला तोच हवा असतो. चाचा निखाऱ्यांवर काठी फिरवत शेकायचे, गुडघ्यावर दाबून सरळ करायचे, पेरं तासायचे, मग मोहरीचं तेल चोळायचे.

शेवटी दोन काठ्या उरल्या. चाचांनी दोन्हींच्या शेंड्याला एकेक वीट टांगली. एक नुसती शेंड्याशी वाकली, खालचा भाग ताठ. दुसरी मुठीच्या जरा वरपासूनच सारखी कमानदार झाली. पहिली हातात फार रुबाबदार वाटत होती. पण रोहूचे ओठ मऊ; ताठ काठीनं हिसका दिला की ओठ फाटून गळ मोकळा. पढीनसारख्या राठ जबड्याच्या माशाला ती चालली असती. मी दुसरी घेतली.

दोरी त्यांनी मुठीशी बांधली आणि काठीभर गुंडाळत शेंड्यापर्यंत नेली. शेंडा मोडला तरी दोरी आणि मासा हातात राहतो. आमच्या खाडीवर मी दोरी शेंड्यालाच बांधलेली पाहिली होती. रेल्वेनं न्यायची म्हणून चाचांनी काठी मधोमध कापून पितळी नळी बसवली. तरंगीसाठी मोरपिसाचा दांडा त्यांनी आपणहून दिला, त्याचे पैसे घेतले नाहीत.

जुलै-ऑगस्टात मासा अंड्यावर असतो, तेव्हा काठी कोरडीच ठेवायची, हे मात्र त्यांनी दोनदा बजावलं. होळीनंतर सातूच्या पिठाचा गोळा लावून पहाटे बसा, म्हणाले.