साडेपाच तासांवर

आमचे अब्बा म्हणायचे, "मुंबईपेक्षा जेद्दा जवळ."

त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. उचगावहून मुंबई पावणेचारशे किलोमीटर, एस.टी.त रात्र जायची. मुंबई ते जेद्दा हवाई अंतर साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास, पण विमान साडेपाच तासांत पोचवायचे. येताना तर वेळ आणखी कमी, कारण उंचावरचा पश्चिमेचा वारा पाठीशी असतो. थोरला भाऊ तिकडे ड्रायव्हर होता. उजळाईवाडीकडून विमानाचा आवाज आला की अब्बा अंगणात येऊन वर बघत.

आजोबा हजला गेले ते बोटीने. मुंबईहून जेद्दापर्यंत आठवडाभर नुसते पाणी. १९९५ पासून हजची ती बोट बंद झाली. निघण्यापूर्वी आजोबांनी दुकानदाराची उधारी फेडली, बांधावरून भांडलेल्या भावकीच्या दारात गेले आणि "कहा-सुना माफ करा" म्हणाले. परत येऊ याची खात्री नव्हती, म्हणून मागे काही शिल्लक ठेवले नाही.

भाई निघाला तेव्हा यातले काहीच घडले नाही. जागेच्या वाटणीवरून आदल्या दिवशी अब्बांशी त्याची बोलाचाली झाली होती. अब्बा सकाळीच शेताकडे गेले. अम्मा म्हणाली, "जाऊन भेट." भाई म्हणाला, "सुट्टीला येईन तेव्हा बोलू. साडेपाच तास तर आहेत."

२०११ साली एका पहाटे, फजरच्या वेळी अब्बा गेले. मी फोन केला तेव्हा तिकडे तीन वाजले होते. जेद्दाचे घड्याळ आपल्या अडीच तास मागे. पासपोर्ट मालकाकडे. त्याच्या संमतीशिवाय देश सोडायचा कागद मिळत नसे. जोहरनंतर आम्ही जनाजा उचलला. मी मोबाइल खिशात चालूच ठेवला होता. भाईने मातीचा आवाज ऐकला.

तो पाचव्या दिवशी आला. कब्रस्तानात बराच वेळ उभा राहिला. परतताना एवढेच म्हणाला, "विमान वेळेवर होतं रे."

२०२१ पासून सौदीत खासगी नोकरीतल्या बहुतेकांना मालकाच्या संमतीशिवाय बाहेर जाण्याचा परवाना घेता येऊ लागला. घरकामगार आणि घरगुती ड्रायव्हर त्या सुधारणेतून वगळले होते. म्हणजे भाईला तेव्हाही तिचा उपयोग झाला नसता. आणि कागद लगेच मिळाला असता, तरी जोहरपर्यंत तो पोचला नसताच. विमानाचे तास मोजताना आम्ही हे कधी मोजले नव्हते.

गेल्या वर्षी भाईचा मुलगा जेद्दाला निघाला, गोदामातल्या नोकरीवर. बॅगा बांधून झाल्यावर भाईने त्याला हाताला धरून बाहेर काढले. चुलत्याकडे, शेजारी, ज्याच्याशी अबोला होता त्या मित्राकडेही नेले. पोरगा वैतागला. "अब्बा, मी काय बोटीनं चाललोय?"

"तसंच समज," भाई म्हणाला. मग दारात थांबून स्वतःच त्याला म्हणाला, "माझंही कहा-सुना माफ कर, बेटा."