ताडपत्रावरचा पाऊस

तंजावरात मी सहा वर्षे काढली. निमित्त होते सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागदपत्रांचे. पुण्यानंतर घर म्हणावे असे हे एकच गाव, आणि ते आपले का वाटते असे कोणी विचारले की मी मराठी पुरावे पुढे करीत असे: व्यंकोजीराजांनी स्थापलेले राज्य, बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसलेवंशाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख, सरफोजीराजांची ग्रंथसंपदा. मराठीच्या अभ्यासकाला एवढे पुरते.

काही वर्षांपूर्वी जूनमध्ये एका कामासाठी लाइपझिगला जाणे झाले. मधला एक दिवस मोकळा होता, म्हणून जवळच्या हाले या गावी गेले. हे संगीतकार हेंडेलचे जन्मगाव. पण मला पाहायची होती ती आउगुस्ट हेर्मान फ्रांके याने १६९८ मध्ये सुरू केलेली अनाथाश्रमाची वास्तू. तिथे छपराखालच्या दालनात अठराव्या शतकातील एक अजबखाना जतन केलेला आहे. छताला मगर टांगलेली, भोवती रंगवलेली कपाटे, त्यांत शंखशिंपल्यांपासून पोथ्यांपर्यंत जगभरचा ऐवज.

या वास्तूचा आणि तंजावरच्या मुलखाचा संबंध पुस्तकातून ठाऊक होता. इथे तयार झालेला त्सीगेनबाल्ग १७०६ साली तरंगंबाडीच्या डॅनिश वसाहतीत उतरला. तिथल्या छापखान्यासाठी तमिळ खिळे याच गावातून पाठवले गेले. याच परंपरेतील श्वार्ट्झ हा पुढे सरफोजीराजांचा गुरू आणि पालक झाला. राजांनी त्याच्या स्मरणार्थ तंजावरच्या चर्चमध्ये बसवलेले फ्लॅक्समनचे शिल्प मी कितीदा पाहिले होते. सरफोजींनी पुढे देवनागरी खिळ्यांवर मराठी पुस्तके छापवली. आपल्याकडील मुद्रणाच्या इतिहासात या तंजावरच्या छापखान्याला बहुधा एखादाच परिच्छेद मिळतो, हे खटकते; असो. सांगायचे ते वेगळेच आहे.

एका कपाटात ताडपत्रे होती. जुन्या तमिळ ताडपत्रांत व्यंजनांवरची टिंबे देत नाहीत, ऱ्हस्व आणि दीर्घ ए-ओ यांत भेद करीत नाहीत. त्यामुळे माझ्यासारखीला ती जवळजवळ वाचताच येत नाहीत. मी नुसतीच वळणे पाहत उभी होते. एकाएकी त्या ओळींतून एक शब्द सुटा झाला: मळै. म्हणजे पाऊस. या शब्दाला टिंब लागतच नाही. मी तो मोठ्याने उच्चारला असावा, कारण शेजारच्या बाईंनी वळून पाहिले.

त्यातला ळ आपला नव्हे. जीभ मागे वळवून, कुठेही न टेकवता काढायचा तो ध्वनी मला आमच्या घरमालकीणबाईंनी, मामींनी, शिकवला होता. केळ्याला ‘वाळैप्पळम’ म्हणतात. त्यात तो दोनदा येतो. भाजीवाल्यासमोर मामी मला तो शब्द म्हणायला लावीत, चुकला की केळी मिळत नसत. आणि तिथला पाऊसही आपला नव्हे. मृगाची वाट पाहत वाढलेल्या माणसाला ऐप्पसी महिन्यात, ऐन दिवाळीच्या सुमारास, अंगणातली रांगोळी धुऊन नेणारा पाऊस आधी अवेळी वाटतो. तिसऱ्या वर्षी तो वेळेवर आल्यासारखा वाटू लागला. हे नेमके केव्हा घडले, सांगता येत नाही.

त्या कपाटासमोर मला व्यंकोजी आठवले नाहीत, शिलालेख आठवला नाही. ज्या मराठीच्या आधाराने मी तंजावरवर हक्क सांगत आले, तिला तिथे बोलावणेच आले नाही. डोळे भरून आले ते एका तमिळ शब्दाने, आणि तो धड उच्चारता आला या समाधानाने. मामींना जाऊन तेव्हा चार वर्षे झाली होती.

संध्याकाळी पुण्याला फोन लावला. तिकडे पाऊस सुरू झाल्याचे बहीण उत्साहाने सांगत होती. मी विचारले, मेट्टूर धरणातून कावेरीला पाणी सोडले का, काही वाचलेस? ती म्हणाली, “कुठे?”