आयदर ऑर सर्व्हायव्हर

माणसाला फार पर्याय असू नयेत, या मताचा मी आहे. पर्याय नसला की माणूस आहे त्याला नावं ठेवत सुखाने जगतो. दोन असले की जो घेतला नाही तोच रात्री स्वप्नात येतो. (लग्नाच्या बाबतीत याहून अधिक लिहिणार नाही. आमच्या घरी माझे लेख वाचले जातात.)

तर मला बिनतारी इअरबड्स घ्यायचे होते. २०१६ साली ॲपलने आपल्या नव्या फोनचं वायर खुपसायचं भोक बुजवलं आणि त्याच वर्षी डिसेंबरात बिनवायरचे एअरपॉड्स बाजारात आणले. आधी नाडी काढून घ्यायची आणि मग इलॅस्टिक विकायचं! पुढे बऱ्याच कंपन्यांनी तीच वाट धरली. आता माझ्याही फोनला भोक नाही आणि वायरवाला इअरफोन कपाटात, फुटलेल्या छत्र्यांच्या शेजारी, स्वतःभोवती गाठी मारत बसला आहे.

लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानातल्या पोराने काचेवर दोन डब्या ठेवल्या. एक १२९९ रुपयांची, दुसरी २४९९ ची. पहिल्यातले बड्स कानाच्या दाराशी नुसते टेकून बसणारे. गाणंही ऐकू येणार आणि जगही. दुसऱ्यातल्यांना रबरी टोप्या. ते बाटलीला बूच बसावं तसे कानात बसतात आणि शिवाय बाहेरचा आवाज खोडून काढतात.

"खोडून म्हणजे?" मी विचारलं.

"काका, नॉइज कॅन्सलेशन आहे," असं म्हणून त्याने विषय संपवला. मी घरी येऊन वाचलं आणि बी. कॉम. झाल्याचा मला प्रथमच अभिमान वाटला. बडच्या बाहेरच्या अंगाला बारीक माइक असतो. तो बाहेरचा आवाज ऐकतो आणि बड त्याच्या बरोबर उलटी लहर तयार करून कानात सोडतो. वर गेलेली आणि खाली गेलेली लहर मिळून शून्य. अहो, म्हणजे ही कॉन्ट्रा एंट्रीच की! डेबिटला गाडीची घरघर, क्रेडिटला उलटी घरघर, शिल्लक निरंक. अमर बोस या बंगाली बापाच्या अमेरिकन लेकाला १९७८ साली विमानात बसल्याबसल्या असे हेडफोन करायचं सुचलं. विमानात मिळालेल्या हेडफोनमधून इंजिनाच्या आवाजापुढे धड गाणं ऐकू येईना, म्हणून गृहस्थाने तिथेच गणित मांडायला घेतलं. आम्हाला डोंबिवली ते सीएसएमटी उभं राहून एवढंच सुचतं, की मुलुंडला कोण उतरणार.

मात्र या एंट्रीला एक मर्यादा आहे. पंखा, एसी, गाडीची एकसुरी घरघर हे बऱ्यापैकी खोडलं जातं. अचानक उमटणारा, वरच्या पट्टीतला आवाज तेवढा सापडत नाही. म्हणजे गाडी गप्प होते, पण "अंदर चलो, अंदर चलो" चालूच राहतं.

डबीवर 'चाळीस तास' असं ठसठशीत छापलं होतं. बँकेत वीस वर्षं काढलेला माणूस ठसठशीत अक्षरं वाचत नाही, तो तळची बारीक वाचतो. बड स्वतः सहा-सात तासच चालणार. बाकीचे तास डबीतल्या बॅटरीतून पुन्हापुन्हा भरून घ्यायचे. ही मुद्दल आणि व्याज एकत्र सांगायची रीत आमच्याकडेही आहे, त्यामुळे राग आला नाही.

पैशाचा प्रश्न असता तर मी डोळे मिटून १२९९ दिले असते. पण उघड्या बड्सची गंमत अशी, की गाडीच्या आवाजावर मात करायला गाणं मोठं करावं लागतं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, ८० डेसिबल आवाज आठवड्याला चाळीस तास, त्यापलीकडे कानाला धोका. लोकलमध्ये त्याहून वरचढ गाणं रोज ऐकायचं, तर पेन्शन घेण्याआधी कानच निवृत्त व्हायचे. म्हणजे कान वाचवायचे तर बूचवाले घ्यावेत.

पण बूच घरीही कानातच राहणार. रात्री जेवणानंतर अर्धा तास वसंतराव देशपांडे ऐकल्याशिवाय मला झोप नाही. आणि आतल्या खोलीत आई आहे. गेल्या पावसाळ्यात न्हाणीघरात पाय घसरल्यापासून ती रात्री उठताना हाक मारते. मोठ्याने नाही, आणि एकदाच मारते. दुसरी हाक मारणं तिला कमीपणाचं वाटतं. ती एक हाक वसंतरावांच्या तानेखाली गेली तर?

दुकानातला पोरगा म्हणाला, "ट्रान्स्परन्सी मोड आहे ना काका! बाहेरचा आवाज माइकमधून आत येतो." म्हणजे आधी बूच मारायचं आणि मग बुचाला भोक पाडायचं. शिवाय तो मोड रात्री चालू आहे की नाही हे आठवणीवर. माझ्या आठवणीवर हेडकॅशियर चहाचे पैसेसुद्धा ठेवत नाहीत.

शेवटी उपाय सापडला तो बँकेतच. एक जोडपं संयुक्त खातं उघडायला आलं होतं. त्यांना समजावत होतो, 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' म्हणजे पहिला हयात असेपर्यंत दुसऱ्याला काही करता येत नाही; 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' म्हणजे दोघांपैकी कोणीही. बोलताबोलता थांबलो. जुन्या बनावटीचे बरेच बड्स 'फॉर्मर' असत. फोन एकाशीच बोलायचा आणि तो दुसऱ्याला निरोप द्यायचा. दुकानातले महागवाले 'आयदर' होते. दोघांतला कोणताही एकटा चालत होता.

२४९९ मोजले. गाडीत खातं दोघांच्या सहीने चालतं. घरी आल्यावर खोडाखोडी बंद, डावा डबीत, आणि वसंतराव फक्त उजव्या कानात. डावा कान आतल्या खोलीच्या बाजूला असतो.

चौथ्या दिवशी आईने माझ्या कानाकडे निरखून पाहिलं. मग सौ.ला स्वयंपाकघरात नेऊन हळूच विचारलं, "त्याला उजव्या कानाने कमी ऐकू येतं, हे मला कुणी सांगितलं नाही ते? यंत्र कधी बसवलं?"

सौ.ने खुलासा केला म्हणे. पण आईला तो पटलेला दिसत नाही. हल्ली ती रात्री खणखणीत हाक मारते, आणि दोनदा मारते. पलीकडच्या ब्लॉकमधले जोशीकाका परवा विचारून गेले, घरी सगळं ठीक आहे ना.