कोरी काठी

माझा नातू मिशिगनमध्ये राहतो. वय वर्षे तेरा. त्याला मराठी समजते; पण बोलताना दुसऱ्याच वाक्याला तो इंग्रजीच्या आश्रयाला जातो, आणि वाचता तर येतच नाही. मी आजवर पाठवलेली पुस्तके त्याच्या खोलीत एका फळीवर उंचीनुसार लावून ठेवली आहेत. दूरध्वनीच्या पडद्यावर ती मला दिसतात. उंचीनुसार लावलेली पुस्तके कोणी वाचत नसते, हे चाळीस वर्षे ग्रंथालयांत काढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. या मुलाने गेल्या पावसाळ्यात प्रथमच माझ्याकडे आपणहून काही मागितले. त्याला गळाची काठी हवी होती. पणजोबा स्वतः काठ्या करीत, असे त्याच्या वडिलांनी त्याला सांगितले होते. तशी, घरातून आलेली एक काठी आपल्याकडे असावी, एवढीच त्याची इच्छा.

वडील काठ्या करीत, हे खरे. गड नदीच्या काठी आमचे घर, आणि घरामागे माणग्याचे बेट. माणगा हा कोकणातला भरीव, सरळ वाढणारा बांबू. पोकळ बांबूपेक्षा वजनाला जड, पण वाकून परत येण्यात त्याचा हात धरणारा दुसरा नाही. पाऊस सरला की वडील बेटात शिरत. कोवळा कोंब ते पाहत नसत. तिसऱ्या वर्षातला, पेरे आखूड असलेला, बुंध्याकडून शेंड्याकडे एका चालीने निमुळता होत गेलेला बांबू त्यांना हवा असे. बोटाच्या पेराने ते त्यावर टकटक करीत, शेंडा धरून वाकवून सोडून देत आणि तो किती वेळ थरथरतो ते पाहत. फार वेळ थरथरणारी काठी ते नाकारीत. अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलेल्या बांबूला भुंगा लागत नाही अशी त्यांची श्रद्धा. चंद्राचे मला ठाऊक नाही, पण पावसाळ्यानंतर बांबूतील पिठूळ अंश कमी होतो आणि किडीला तोच हवा असतो, एवढे त्यात तथ्य आहे. त्यांच्या निधनानंतर मी घरी गेलो तेव्हा त्यांची शेवटची काठी आढ्याला टांगलेली होती. हात लावला तर पिवळा भुगा माझ्या बाहीवर पडला. ती कधी तोडली होती, हे सांगणारे कोणी उरले नव्हते. मी तरी कोणाला विचारणार? माझे सारे लक्ष त्या वर्षी प्रबंधाकडे होते.

नातवाची मागणी आली तेव्हा मी तंजावरात होतो. सरस्वती महालातील मोडी कागद पाहण्याचे काम चालू होते. राजवाड्याच्या परिसरात मराठी माणसाचे मन नेहमीच थोडे हळवे होते, आणि त्या हळवेपणाचा मला थोडा संकोचही वाटतो. भोसल्यांचे राज्य १८५५ साली संपले. त्याला पावणेदोनशे वर्षे होत आली. बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी लेख आपण सगळे पाहून येतो, दुसऱ्या सरफोजींच्या ग्रंथसंग्रहापुढे नतमस्तक होतो, १८०६ साली येथे छापलेल्या ‘बालबोध मुक्तावली’चा उल्लेख व्याख्यानात करतो, आणि मागच्या गल्लीत आजही घरात मराठी बोलणारी जी कुटुंबे आहेत त्यांच्या ओट्यावर न बसताच गाडी पकडतो. मीही पहिल्या दोन खेपांना तेच केले होते.

शेजारच्या मेजावरच्या एका वाचकाने मला रावांकडे नेले. राजवाड्याच्या पूर्वेकडच्या बोळात त्यांचे घर. यंत्रशाळेतील नोकरीतून निवृत्त झालेले, वयाने माझ्याहून चार वर्षांनी मोठे. त्यांच्या मराठीतील क्रियापदे माझ्या आजीच्या तोंडची वाटावीत अशी, आणि वाक्याचा हेल मात्र पूर्णपणे तमिळ. “घरात मराठी, दारात तमिळ,” असे ते स्वतःच हसून म्हणाले. माजघरातल्या भिंतीला टेकून पंधरावीस काठ्या उभ्या होत्या. एकीलाही मूठ नव्हती, कड्या नव्हत्या, दोरा गुंडाळायचे चक्र नव्हते. काळ्या, निमुळत्या, पोकळ, निव्वळ नळ्या. जगभरचे कारागीर त्यांना ‘ब्लँक’ म्हणतात. मराठीत काय म्हणायचे, असे मी विचारले. राव क्षणभर थांबून म्हणाले, “कोरी काठी.”

या कोऱ्या काठीचा इतिहास ऐकताना मी टिपणे घेऊ लागलो, ही जुनी खोड. बांबू चिरून, त्याच्या पट्ट्या पुन्हा चिकटवून काठी करण्याची विद्या अमेरिकेत रुजली ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, पेनसिल्व्हेनियातील ईस्टन गावच्या सॅम्युएल फिलिपे याच्या हाताने. त्यासाठी लागणारा बांबू हिंदुस्थानातून जाई, आणि ज्या बंदरातून निघे त्याच्या नावाने ‘कलकत्ता बांबू’ म्हणून ओळखला जाई. पुढे चीनमधल्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतू आला. १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये फार्नबरो येथे विमानांसाठी सिद्ध झालेला कार्बनतंतू १९७३ साली अमेरिकेत गळाच्या काठीत उतरला. आता कार्बनतंतूचे राळ भरलेले कापड पोलादी सळीभोवती गुंडाळतात, भट्टीत भाजतात आणि सळी काढून घेतात. उरते ती कोरी काठी. रावांच्या काठ्या चेन्नईच्या एका व्यापाऱ्याकडून येत. एके काळी येथला बांबू तिकडे जाई, आता तिकडची नळी इकडे येते, आणि मी ती पुन्हा तिकडे पाठवू पाहत होतो.

मला तीन काठ्या दाखवण्यात आल्या. पहिली इतकी हलकी की हातात घेतल्यावर हाताचाच विसर पडावा. तिचे कापड अत्यंत ताठ जातीचे; पाण्यातला खडा गळाला घासला तरी तळहाताला कळावे, अशी तिची ख्याती. दुसरी मध्यम. तिसरीत कार्बनबरोबर काचतंतू मिसळलेला. ती बुंध्यापर्यंत आळसावून वाकत होती. मी अर्थातच पहिली उचलली. समीक्षकाचा हात कोठे जातो हे ठरलेलेच आहे: जे नेमके, तलम आणि थोडे दुर्मीळ, तेथे.

रावांनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि विचारले, “मुलगा उंचीने केवढा? नावेतून टाकतो की काठावरून? पाण्यात वेल आहे की दगड? आमिष कोणते, आणि वजनाला किती?”

मला यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देता आले नाही.

माझ्या नातवाच्या देशात ‘बास’ हा गोड्या पाण्यातला मासा लोकप्रिय आहे. त्यातला मोठ्या तोंडाचा बास पाणवनस्पतीच्या सावलीत दबा धरून बसतो आणि वरून काही गेले की झडप घालतो. ही सवय आमच्या मरळीचीच. तमिळमध्ये तिला विराल म्हणतात. म्हणूनच अमेरिकेतील बाससाठी घडवलेली काठी कावेरीच्या खोऱ्यातील तळ्यांत मरळीला चालते, आणि राव तशा काठ्या बांधतात. पण ‘चालते’ म्हणजे काय, ते पाण्यावर अवलंबून. दाट वेलीत रबरी बेडूक फेकायचा तर काठी दणकट हवी, कारण मासा लागताच त्याला वेलींसकट ओढून काढायचा असतो. तीन आकड्यांचे डुलत जाणारे आमिष ओढायचे तर काठी मऊ हवी. ताठ काठीने गळ माशाच्या तोंडातून फाटून निघतो. मऊ रबरी किडा तळाशी सरपटवायचा तर शेंडा जाणता हवा. काठीत किती जोर आहे ही एक गोष्ट, आणि ती कोठून वाकू लागते ही दुसरी. दोन्ही एकच समजणे ही नवख्याची चूक, असे राव म्हणाले. मला माझे काही जुने परीक्षणलेख आठवले.

जोर मोजण्याची त्यांची रीत मला फार आवडली. ही रीत अमेरिकेतील विल्यम हॅनमन यांची. ते सेंटची नाणी वापरीत, राव पाच रुपयांची जुनी, जाड नाणी वापरतात. काठीचा बुंधा आडवा पक्का करायचा, शेंड्याला पिशवी बांधायची आणि शेंडा काठीच्या लांबीच्या तिसऱ्या हिश्शाइतका खाली येईपर्यंत पिशवीत नाणी टाकत जायची. तिसऱ्या काठीला चोवीस नाणी लागली, दुसरीला तेहतीस. कारखान्याने काठीवर छापलेल्या विशेषणांवर रावांचा विश्वास नाही. एकाचा ‘मध्यम’ तो दुसऱ्याचा ‘जड’ असतो. विशेषणांविषयी असा सावधपणा आमच्या व्यवसायात थोडा जास्त असता तर बरे झाले असते.

तंजावरचे वीणाकार फणसाचे लाकूड निवडताना ते ठोकून त्याचा नाद ऐकतात, असे ऐकून होतो. वडीलही ठोकून पाहत. मी कोऱ्या काठीवर बोट वाजवले तेव्हा राव हसले. या नळीला नाद नसतो, म्हणाले. तिला कणा असतो. कापड गुंडाळताना एका बाजूला पदरावर पदर येतो, तेथे काठी ताठ होते. बुंधा गुळगुळीत फरशीवर टेकवून, शेंडा एका तळहातावर तिरपा धरून त्यांनी मध्यावर दोन बोटांनी दाबले. काठी बोटांखाली आपोआप फिरली आणि एका कुशीवर येऊन थांबली. मग डोळ्यासमोर धरून तिचा बाक पाहिला. पूर्ण सरळ काठी त्यांनी आजवर मोजकीच पाहिली आहे. कड्या कण्याच्या रेषेत बांधाव्यात की बाकाच्या, यावर जगभरच्या कारागिरांत वाद आहे. राव बाकाच्या पक्षाचे.

या निमित्ताने एक कबुली देतो. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ शके १०५१चा, म्हणजे इ. स. ११२९च्या सुमाराचा. त्यातील मराठी पद्यपंक्ती प्राचीन मराठीचा पुरावा म्हणून मी वर्षानुवर्षे शिकवल्या. त्याच ग्रंथातील विनोदांच्या विंशतीत ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे; माशांच्या जाती, त्यांना चारायचे खाद्य, दोरा, गळ, काठी असा तपशील त्यात राजाने नोंदवला आहे. ते प्रकरण मी कधी वर्गात उघडले नाही. मद्रास मुलकी सेवेतील हेन्री सलिव्हन थॉमस याने १८७३ साली ‘द रॉड इन इंडिया’ आणि १८८७ साली तलावांतील गळाविषयी वेगळे पुस्तक लिहिले. इंग्रजांच्या या हौसेची आपण थट्टा करतो. आपल्याकडच्या राजाने तेच साडेसातशे वर्षांपूर्वी संस्कृतात केले, हे सांगताना मात्र केवळ भाषेचा पुरावा तेवढा उचलतो.

त्या रात्री मी रावांचे प्रश्न कागदावर उतरवून घेतले आणि नातवाला दूरध्वनी केला. एरवी आमचे बोलणे ‘कसा आहेस’, ‘बरा आहे’ यापलीकडे जात नाही. त्या दिवशी ते तासभर चालले. उंची पाच फूट एक इंच. मित्राच्या वडिलांची पत्र्याची नाव. धक्क्याजवळ विरळ वेल, पलीकडे कमळपानांची दाटी. पण तिकडे जायला मनाई. आमिष बहुधा रबरी किडा, रविवारी कधी बेडूक. मध्येच त्याने विचारले की ‘बेट’ला मराठीत काय म्हणतात. मी आमिष म्हणालो. मग ‘हुक’? गळ. ‘वीड’साठी मी शेवाळ म्हणालो आणि चुकलो, त्याने वर्णन केल्यावर ती पाणवेल निघाली. त्याचे इंग्रजी शब्द मला कळत नव्हते, माझे मराठी शब्द त्याच्याकडे नव्हते, आणि दोघांनाही एकाच पाण्याविषयी बोलायचे होते. मागे माझा मुलगा एकदा पलीकडून डोकावला आणि काही न बोलता निघून गेला. या मुलासाठी मी शाळा निवडली, विषय निवडू पाहिले, पुस्तके तर गाडाभर निवडली. त्याच्याविषयी असे चार साधे प्रश्न कागदावर लिहून घेतल्याचे मला आठवत नाही.

सकाळी राव उत्तरे ऐकत गेले आणि त्यांनी पहिली काठी उचलून भिंतीला लावली. पत्र्याच्या नावेत काठ्या आपटतात, म्हणाले. ताठ कापडाला बारीकसा टवका गेला तरी दिसत नाही. मग एखादा चांगला मासा लागला की काठी तेथेच मोडते, आणि मुलाला वाटते आपलेच चुकले. तिसरी बेडकासाठी फार मऊ. राहिली दुसरी: तेहतीस नाण्यांची, वरच्या तिसऱ्या भागात वाकणारी, रंगाने अनाकर्षक. बाससाठी अखंड काठी उत्तम, पण ती विमानात जायची नाही. म्हणून दोन तुकड्यांची, सांधा बुंध्याकडे सरकवलेली. लांबी सात फूट. मुलाच्या उंचीला ती थोडी जास्त. बुंध्याकडून चार इंच कापता येतील. शेंड्याकडून कधीही कापायची नाही. मी नाराजी लपवली. पहिलीचा हलकेपणा अजून माझ्या हातात होता.

दोन्ही तुकड्यांच्या बाकाची रेष रावांनी वेगवेगळी तपासून कागदी पट्टीने खूण केली. राहिली मूठ. बुचाच्या चकत्या कानशीने घासून ती मुलाच्या हाताच्या घेराला बसवायची होती. नातवाने लगेच पंजाचे छायाचित्र पाठवले. रावांनी ते दूर धरून, जवळ धरून पाहिले आणि परत दिले. छायाचित्रात माप नसते. कागदावर पंजा ठेवून, पेन्सिलीने कड काढून तो कागदच टपालाने पाठवायला त्यांनी सांगितले आहे.

माझे मोडी कागद संपत आले. काठी रावांच्या माजघरात, खिडकीच्या डाव्या बाजूला, दोन तुकड्यांत उभी आहे. बुचाच्या चकत्या त्यांनी मोजून एका डब्यात काढून ठेवल्या आहेत. टपाल अजून आलेले नाही.