पिकअपचा हिशेब

जून उजाडला की लेहच्या बाजारात एमएच 09, एमएच 11, एमएच 12 अशा पाट्या दिसू लागतात. आपल्या मुलखातली माणसं भेटली की बरं वाटतं. दोन मिनिटं गप्पा झाल्या की तक्रार ठरलेली असते : "साहेब, गाडीचा पिकअपच गेलाय. घरी बारा सेकंदांत शंभरला जाते, इथे ओढतच नाही."

गाडीला काहीही झालेलं नसतं. इंजिनाला जसं इंधन लागतं तशी हवाही लागते, आणि ती इथे कमी आहे. लेह साडेअकरा हजार फुटांवर आहे. इथे हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे दोन तृतीयांश असतो. खारदुंगला साडेसतरा हजार फुटांवर, तिथे जेमतेम निम्मा. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद साधारण त्याच प्रमाणात घटते. आमच्या जुन्या जिप्सीचं पेट्रोल इंजिन 80 हॉर्सपॉवरचं. खिंडीत पोचेपर्यंत त्यातले 40 उरायचे.

आजच्या डिझेल एसयूव्हीला टर्बो असतो. तो हवा दाबून आत ढकलतो, म्हणून गाडी एवढी ढेपाळत नाही. पण टर्बोला वेग धरायला वेळ लागतो. चढाच्या वळणावर आरपीएम दीड हजाराखाली गेला की पाय दाबूनही क्षणभर काही होत नाही, आणि मग ताकद एकदम येते. विरळ हवेत तो क्षण आणखी लांबतो. रस्त्यावर बर्फ किंवा सुटी खडी असेल तर त्या एकदम आलेल्या ताकदीने चाकं जागच्या जागी फिरतात.

त्यात वजन. बारा सेकंदांचा आकडा बहुधा एक-दोन माणसं बसलेल्या गाडीचा असतो. दोन टनांच्या गाडीत सात माणसं आणि टपावर सामान चढलं की पाचशे किलो सहज वाढतात. बाराचे पंधरा सपाटीवरच होतात. चढ आणि उंची त्यापुढची.

मागच्या मोसमात आमचा कॉन्व्हॉय साउथ पुल्लू ओलांडून वर चढत होता. मी एका स्टॅलियनमध्ये ड्रायव्हरशेजारी. मागून एक एमएचची एसयूव्ही ओव्हरटेकला निघाली. आमच्या बरोबरीला आली आणि तिथेच अडकली. ना पुढे जाईना, ना मागे येईना. काचेतून मागच्या सीटवरची दोन मुलं आणि त्यांची आजी दिसत होती. पुढे आंधळं वळण. आमच्या ड्रायव्हरने काही न बोलता पाय उचलला, गाडी डोंगराच्या अंगाला घेतली आणि तिला पुढे जाऊ दिलं. वळणावरून तेवढ्यात एक टँकर उतरून आला.

वर खिंडीत ते गृहस्थ भेटले. चेहरा उतरलेला. "गाडी जाईचना हो."

"दादा, गाडी चांगली आहे. हवा कमी आहे," मी म्हटलं. आजी मला चहाचा आग्रह करत राहिल्या.

हा हिशेब फक्त लडाखचा नाही. साध्या दुपदरी रस्त्यावर ताशी 80 च्या सरासरीने ओव्हरटेकला 10 सेकंद लागले तर आपण सुमारे 220 मीटर जातो. समोरचाही 80 ने येत असेल तर तोही तेवढाच पुढे येतो. म्हणजे 440 मीटर रस्ता मोकळा हवा. गाडी भरलेली असल्याने त्याच कामाला 15 सेकंद लागले तर 660 हवा. रस्ता तोच, ड्रायव्हर तोच. एकट्याने रोज चालवून डोळ्यांना जी सवय लागते, ती घरची मंडळी गाडीत बसली की खोटी ठरते.

आमच्या एमटीतले उस्ताद नव्या पोरांना चार गोष्टी शिकवतात. चढावर वळणाच्या आधीच गिअर उतरवा, वळणात नाही. आरपीएम दोन हजाराच्या आसपास राहू द्या. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेक तापत नाहीत. आणि अरुंद घाटात चढणाऱ्याला आधी वाट द्या. हा शेवटचा तर कायद्याचाच नियम आहे. भरलेली गाडी चढावर एकदा थांबली की पुन्हा उचलणं किती जड जातं, हे ज्याने नियम लिहिला त्याला ठाऊक होतं.

नवी गाडी घ्यायला जाल तेव्हा टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका. आई-वडील, मुलं, सगळ्यांना बसवा. एसी लावा आणि गाडी जवळच्या एखाद्या घाटात न्या. तिसऱ्या गिअरमध्ये तीसवरून साठला कशी जाते ते बघा. तोच तुमच्या गाडीचा खरा पिकअप.